तंजावर तीन दिवसांत: बुधवार, दुपार आणि मराठी शिलालेख यांचं गणित कसं बसवावं?

ओसरी

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून तंजावरला निघतोय. चौघेजण, त्यांतले दोघे सत्तरी ओलांडलेले. चालू शकतात, पण उन्हात आणि जिन्यांवर दमतात. देवदर्शनापेक्षा इतिहासात रस जास्त. भोसल्यांच्या काळातलं जे काही शिल्लक आहे ते नीट बघायचंय, चोळांचं तर आहेच. मंगळवारी रात्री पोचणार, शुक्रवारी रात्री तिरुचिरापल्लीहून परतीचं विमान. कच्चा आराखडा असा:

बुधवार: सकाळी राजवाडा आणि सरस्वती महाल, जेवण, दुपारी एकपासून बृहदीश्वर मंदिर.
गुरुवार: दारासुरम, स्वामीमलै, गंगैकोंडचोळपुरम, चिदंबरम, रात्री परत.
शुक्रवार: तिरुवैयारू, खरेदी, विमानतळ.

प्रश्न:
१. हे एवढं जमेल का? काय कापावं?
२. मुक्काम तंजावरला की कुंभकोणमला?
३. मंदिरातला मराठी शिलालेख नेमका कुठे आहे? आणि सरस्वती महालातले मोडी कागद सामान्य माणसाला बघता येतात का?
४. तंजावर चित्र घ्यायचं तर काय बघून घ्यावं?

---

वाटाड्या

आराखड्यात दोन गोष्टी सरळ आपटणार आहेत. सरस्वती महाल ग्रंथालय बुधवारी बंद असतं आणि बृहदीश्वराचा गाभारा दुपारी साधारण साडेबारा ते चार बंद असतो. म्हणजे तुमचा अख्खा बुधवार वाया. दिवसांची अदलाबदल करा, बाकी सगळं आपोआप सुटेल.

तमिळनाडूत मंदिरं पाहताना एक सवय लावून घ्यावी लागते. दिवसाचे दोन तुकडे धरायचे, सकाळी सहा ते बारा आणि दुपारी चार ते साडेआठ. मधले चार तास जेवण, झोप, प्रवास, संग्रहालय किंवा कारागिरांकडे जाण्यासाठी. आपल्याकडची माणसं सकाळी नाश्ता आटोपून दहाला बाहेर पडतात, अकराला मंदिरात पोचतात आणि तापलेल्या फरशीवर अनवाणी उड्या मारत अर्ध्या तासात बाहेर येतात. बृहदीश्वराचं अंगण प्रचंड मोठं आहे आणि सगळं दगडी. जानेवारीतही बारानंतर तळवे भाजतात. ज्येष्ठांसाठी जाड सुती मोजे ठेवा, अंगणात चालतात. पादत्राणं बाहेरच्या स्टँडवरच ठेवावी लागतात, आत कुठे लपवायची सोय नाही.

माझ्या मते क्रम असा असावा:

बुधवार हा गाडीचा दिवस. सकाळी सहाला निघायचं आणि सगळ्यात लांबचं आधी उरकायचं. गंगैकोंडचोळपुरम तंजावरपासून सुमारे ७० किलोमीटर आहे, पावणेदोन ते दोन तास धरा. वाटेत अणैकरैला कोळ्ळिडम नदीवरच्या बंधाऱ्याचा जुना अरुंद पूल लागतो, तिथे गाड्या खोळंबतात. आठला पोचलात तर दोन तास निवांत मिळतात. परत फिरून अकराच्या आत दारासुरम. कुंभकोणमला जेवण. दुपारी दोन ते चार स्वामीमलैला धातूच्या मूर्तींचं ओतकाम, कारण कारागीर दुपारीही काम करत असतात. संध्याकाळी सहापर्यंत तंजावरला परत.

गुरुवार तंजावरचा. साडेसहा ते नऊ बृहदीश्वर, नाश्ता, दहाला राजवाडा उघडतो तेव्हा तिथे, दुपारी विश्रांती, संध्याकाळी साडेपाचला पुन्हा बृहदीश्वर.

शुक्रवारी सकाळी तिरुवैयारू, मग खरेदी.

चिदंबरम कापा. तंजावरहून ११० किलोमीटर आहे, आणि त्या मंदिराला निदान अर्धा दिवस द्यायला हवा. गुरुवारच्या यादीत ते घुसवलंत तर चारही ठिकाणी फक्त गाडीतून उतरून फोटो काढल्यासारखं होईल.

मुक्काम तंजावरलाच, तोही स्टेशन आणि मंदिर यांच्या मधल्या भागात. हे अंतर जेमतेम दोन किलोमीटर आहे.

---

रात्रगाडी

प्रवासाबद्दल थोडं, कारण गाड्या निवडताना इथे हमखास घोळ होतो.

चेन्नईहून दक्षिणेकडे जाणारे रेल्वेचे दोन रस्ते आहेत. विल्लुपुरमनंतर एक फाटा वृद्धाचलममार्गे थेट तिरुचिरापल्लीला, म्हणजे तिरुचीला जातो, त्याला कॉर्ड लाईन म्हणतात. दुसरा जुना मुख्य मार्ग, कडलूर, चिदंबरम, मयिलाडुतुरै, कुंभकोणम, तंजावर असा. मदुरैकडे जाणाऱ्या बहुतेक जलद गाड्या कॉर्डवरून जातात, त्या तंजावरला येतच नाहीत. त्यामुळे 'तिरुचीपर्यंत चिक्कार गाड्या आहेत आणि तंजावरला दोनचारच' असं दिसतं. तंजावरसाठी रात्रीची उळवन एक्स्प्रेस सोयीची, पहाटे पोचवते. दिवसाची चोळन एक्स्प्रेस आहे, ती कावेरीच्या भातशेतीतून जाते. वेळ असेल तर खिडकी पकडून बसण्यासारखी. पुण्याहून बेंगळुरूला जाऊन पुढे म्हैसूरहून येणारी रात्रगाडी धरण्याचाही मार्ग आहे. ती तिरुचीवरून तंजावर आणि पुढे कुंभकोणमला जाते. चेन्नईत गाडी एग्मोरहून सुटतेय की तांबरमहून, हे तिकिटावर बघून घ्या. सेंट्रलला उतरून तिथेच थांबू नका.

विमानाने तिरुचीला उतरलात तर तंजावर ५५ किलोमीटरच्या आसपास, टॅक्सीने तासभर ते सव्वा तास. बसही सतत आहेत, पण एक लक्षात ठेवा. तिरुचीची बस तंजावरच्या नव्या बसस्थानकावर सोडते आणि ते गावाबाहेर चारपाच किलोमीटरवर आहे. जुनं बसस्थानक मंदिराजवळ. नव्यावर उतरून 'मंदिर समोरच असेल' म्हणून सामान ओढत चालू लागणारे बरेच दिसतात. तिथून जुन्या स्थानकाकडे जाणारी टाऊन बस धरायची किंवा रिक्षा ठरवायची.

बसवरच्या पाट्या बहुतेक तमिळमध्येच असतात. कंडक्टरला गावाचं नाव मोठ्याने विचारायचं, तो मान हलवतो की हात, ते बघायचं. रिक्षावाल्याला 'बृहदीश्वर' म्हणालात तर कधी कधी कळत नाही. 'पेरिय कोविल', म्हणजे मोठं मंदिर, म्हणा, लगेच निघेल. राजवाड्यासाठी 'अरण्मनै'.

परतीसाठी शुक्रवारी रात्रीचं विमान म्हणजे तंजावर निदान साडेतीन तास आधी सोडा. तिरुचीच्या तोंडावरची संध्याकाळची गर्दी कमी लेखू नका.

---

कावेरीकाठ

वाटाड्यांशी मुक्कामाबाबत सहमत नाही. बुधवारी लांबचं करायचं असेल तर मंगळवारची रात्र कुंभकोणमला काढणं जास्त शहाणपणाचं. तिथून गंगैकोंडचोळपुरम ३५ किलोमीटर, दारासुरम तीनचार, स्वामीमलै आठ. म्हणजे सत्तरीच्या माणसांना पहाटे सहाला गाडीत कोंबायला नको. बुधवारी संध्याकाळी तंजावरला यायचं, पुढच्या दोन रात्री तिथे. सामान एकदाच हलतं. पुण्याची मंडळी मंगळवारी रात्री उशिरा पोचत असतील तर मात्र तंजावरच ठीक, नाहीतर मध्यरात्री अजून ४० किलोमीटर.

आता काय बघायचं ते.

गंगैकोंडचोळपुरम राजेंद्र चोळाचं. वडिलांनी, म्हणजे पहिल्या राजराजाने, तंजावरला बांधलं, मुलाने राजधानीच इकडे हलवली आणि तसंच दुसरं उभारलं. विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं उंच शिखर, तंजावरपेक्षा बुटकं आहे, पण त्याच्या कडा आत वळलेल्या आहेत, तंजावरसारख्या ताठ सरळ नाहीत. दोन्ही मंदिरं जवळजवळच्या दिवशी पाहिली की हा फरक डोळ्यांत भरतो. उत्तरेकडच्या दारापाशी शिव आपला भक्त चंडेश याच्या डोक्याभोवती फुलांची माळ गुंडाळतोय असं शिल्प आहे. त्यासमोर पाच मिनिटं थांबा. बहुतेक गट त्याच्या पाठीकडून निघून जातात.

दारासुरमचं ऐरावतेश्वर मंदिर १२व्या शतकातलं, दुसऱ्या राजराजाचं. आकाराने लहान, पण कोरीवकाम सर्वांत नाजूक. मंडपाला चाकं आणि घोडे कोरून त्याचा रथ केलाय. इथे मान वर करून बघायची सवय सोडा आणि खाली वाका. जोत्याच्या पट्टीवर ६३ नायन्मार संतांच्या कथा वीतभर चौकटींमध्ये कोरलेल्या आहेत. ठोकल्यावर सूर निघणाऱ्या दगडी पायऱ्या नंदीजवळच्या बलिपीठाला आहेत, आता त्यांना जाळी लावलीय. कुणी 'उघडून दाखवतो' म्हणाला तर नको म्हणा. मंदिराची पातळी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खाली आहे, त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात भोवती पाणी साचतं. जानेवारीअखेर तुम्हाला अडचण येऊ नये.

स्वामीमलैला मूर्ती घ्यायची नसली तरी काम बघा. मेण आणि राळ एकत्र करून आधी मूर्ती घडवतात, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या बारीक मातीचे थर देतात, सावलीत वाळवतात, मग तापवून मेण ओतून काढतात आणि त्या पोकळीत धातूचा रस. थंड झाल्यावर साचा फोडतात, म्हणजे एका साच्यातून एकच मूर्ती. कोवळ्या मातीचा पहिला थर घाईने उन्हात वाळवला तर चिरा जातात आणि त्या चिरा मूर्तीच्या अंगावर उमटतात. म्हणून चांगल्या कारखान्यात सावलीतल्या फळ्यांवर साचे आठवडेच्या आठवडे पडलेले दिसतात. विकत घेताना विचारायचा प्रश्न एकच: भरीव की पोकळ? वजन आणि किंमत दोन्ही त्यावर ठरतात.

---

मोडीवेडा

तिसऱ्या प्रश्नासाठी आलोय.

शिलालेख बृहदीश्वराच्या आवारात नैऋत्येकडच्या भिंतीवर आहे. पूर्वेच्या दारांतून आत आलात की नंदी ओलांडून विमानाला डाव्या हाताने वळसा घाला, मागच्या कोपऱ्याकडे जा. तिथे जवळच गणपतीचं देऊळ आहे, तेही मराठा काळातलं. लेख १८०३चा, दुसऱ्या सरफोजी राजांनी कोरवलेला, भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा. लिपी देवनागरी, भाषा मराठी. त्यामुळे मोडी येत नाही म्हणून अडत नाही. जगातल्या सर्वांत लांब शिलालेखांपैकी एक म्हणून त्याचं नाव घेतात. सगळा वाचायचा हट्ट धरू नका. भाषा दरबारी आहे, वाक्यं लांबलचक, शब्द तोडलेले नाहीत. आधी व्यंकोजी, शहाजी, तुळजाजी अशी ओळखीची नावं शोधा, मग त्यांच्या मागचापुढचा मजकूर उलगडतो. मोबाईलच्या दिव्याने समोरून उजेड टाकलात तर अक्षरं सपाट दिसतात. कडेने, भिंतीला जवळजवळ समांतर टाकला की खोदकाम उठून येतं. खडू, पीठ, पाणी काहीही लावायचं नाही, हे सांगायला नको, पण लोक लावतात.

जाण्यापूर्वी घराण्याचा क्रम कागदावर लिहून न्या, नाहीतर सगळे शहाजी-सरफोजी एकमेकांत मिसळतात. थोडक्यात: शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७०च्या दशकात तंजावर घेतलं. त्यांचे तीन मुलगे शहाजी, पहिले सरफोजी, तुकोजी एकामागून एक गादीवर आले. पुढे प्रतापसिंह, तुळजाजी, अमरसिंह, दुसरे सरफोजी (१७९८ ते १८३२) आणि त्यांचे पुत्र शिवाजी. १८५५मध्ये ते वारले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केलं. प्रत्यक्षात १७९९पासूनच कारभार इंग्रजांकडे होता. सरफोजींकडे किल्ला आणि आसपासचा भाग उरला, आणि हाताशी वेळ. तो त्यांनी ग्रंथ जमवण्यात घालवला. सरस्वती महाल मराठ्यांआधीच्या नायक राजांच्या काळापासूनचा असला तरी आज जो दिसतो तो बराचसा याच माणसाच्या हौसेचा.

मोडी कागदांबद्दल: ग्रंथालयात मोडी दस्तऐवजांचे शेकडो बस्ते आहेत, पण ते संशोधकांसाठी. आधी अर्ज, ओळखपत्र, संस्थेचं पत्र असेल तर उत्तम, आणि कोणता विषय, कोणता काळ हे स्पष्ट हवं. 'जरा बघायचे होते' एवढ्यावर बस्ता सुटत नाही, आणि सुटूही नये. पर्यटकांसाठी त्याच इमारतीत छोटं संग्रहालय आहे. त्यात ताडपत्रं, चित्रमय पोथ्या, जुने नकाशे आणि एक मजेदार प्रकार, माणसांचे चेहरे आणि जनावरांचे चेहरे शेजारी शेजारी ठेवून तुलना करणारी चार्ल्स ल ब्रँ या फ्रेंच चित्रकाराची मुद्रित चित्रं. सरफोजींच्या संग्रहातली. वेळ दहा ते एक आणि दीड ते साडेपाच. एकला खरंच बाहेर काढतात, म्हणून बारा पन्नासला आत शिरू नका.

बाहेर पडताना ग्रंथालयाच्या स्वतःच्या प्रकाशनांचा काउंटर चुकवू नका. हस्तलिखितांवरून छापलेली पुस्तकं, त्यांत मराठीही, नाममात्र किमतीला मिळतात. तंजावरच्या शहाजीराजांच्या दरबारात १७व्या शतकाच्या अखेरीस मराठी नाटकं लिहिली गेली, म्हणजे आपल्याकडे रंगभूमीचा आरंभ मानतात त्याच्या दीडशे वर्षं आधी. असं काही हाताला लागलं तर घेऊन टाका, इकडे दुकानांत मिळत नाही. सुटे पैसे जवळ ठेवा.

---

वाटाड्या

मोडीवेडा, राजवाड्याच्या तिकिटांबद्दलही सांगायला हवं होतं, मीच सांगतो.

राजवाडा म्हणजे एक इमारत नाही. एकाच आवारात दरबार हॉल, कलादालन, सरस्वती महालाचं संग्रहालय आणि मनोरे. प्रत्येकाचं तिकीट वेगळं, कॅमेऱ्याचे पैसे वेगळे. पहिल्या खिडकीवर काढलेलं तिकीट सगळीकडे चालेल असं समजून लोक दुसऱ्या दारावर हुज्जत घालतात. रक्कम किरकोळ असते, पण चार माणसं, चार खिडक्या आणि सुटे नसले की अर्धा तास तिथेच जातो.

ज्येष्ठांसोबत क्रम असा: आधी कलादालन, मग सरस्वती महाल, शेवटी मराठा दरबार हॉल. मनोऱ्याचा जिना अरुंद, उंच पायऱ्यांचा आणि अंधारा आहे, त्यांना खाली बसवा.

कलादालनात चोळ काळातले ब्राँझ आहेत आणि माझं मत विचाराल तर तंजावरात मोठ्या मंदिरानंतर याच खोलीला सर्वाधिक वेळ द्यावा. तिरुवेंकाडूला सापडलेला वृषवाहन शिव शोधा, १०११ सालचा. बृहदीश्वर पूर्ण झालं १०१०मध्ये, म्हणजे त्याच्या पुढच्याच वर्षीचा. नंदी आता नाही, फक्त त्याच्यावर टेकवलेला हात आणि सैल उभं राहणं उरलंय, आणि तरीही बैल तिथे आहे असं वाटतं. डोक्यावर सर्पांनी बांधलेल्या जटांचं पागोटं. मूर्तीला मागूनही बघा, जिथे मागे जाता येतं तिथे. याच आवारात सरफोजींचा पांढऱ्या संगमरवरातला पुतळा आहे, जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराचा. त्याच फ्लॅक्समनने केलेलं दुसरं शिल्प शिवगंगा तलावाजवळच्या श्वार्ट्झ चर्चमध्ये आहे. मिशनरी श्वार्ट्झ मृत्युशय्येवर आणि त्याला भेटायला आलेले तरुण सरफोजी. चर्च १७७९चं. मोठ्या मंदिरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे, पण दार कायम उघडं नसतं. शेजारी विचारलं तर उघडून देतात, दिलं तर दिलं.

---

ओसरी

सगळ्यांचे आभार, एवढं तपशीलवार मिळेल असं वाटलं नव्हतं. बुधवारचा घोळ तर लक्षातच आला नव्हता. दोन उपप्रश्न. बृहदीश्वरात नेमकं काय बघायचं? 'विमानाची सावली जमिनीवर पडत नाही' हे खरं का? आणि भोसल्यांशी संबंधित, पण गर्दी नसलेली एखादी जागा आहे का?

---

कावेरीकाठ

सावली पडते. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उभे राहा, लांबलचक पडलेली दिसेल. दुपारी ती मंदिराच्या स्वतःच्या जोत्यावर आणि आवारातच राहते, एवढंच.

आत जाताना एकामागून एक दोन दरवाजे लागतात, केरळांतकन आणि राजराजन. दुसऱ्याच्या दोन्ही बाजूंचे द्वारपाल बघा, किती मोठे आहेत ते शेजारी माणूस उभा राहिला की कळतं. नंदी एकाच दगडाचा, पण तो आणि त्याचा मंडप नायकांच्या काळचा, चोळांचा नव्हे. उत्तरेला सुब्रह्मण्याचं छोटं देऊळ आहे, तेही नायकांचं. त्याच्या खांबांवरचं काम इतकं बारीक आहे की मोठ्या विमानाकडे बघून आलेली नजर पुन्हा जवळची करावी लागते. मुख्य मंदिराच्या जोत्याभोवती सगळीकडे राजराजाचे तमिळ लेख आहेत. दागदागिने, दिव्यांचं तेल, पुजारी, हिशेबनीस, सगळ्यांची नोंद. ४०० नर्तकींची नावानिशी यादी आहे, कोणत्या मंदिरातून आणली, कोणत्या गल्लीत घर दिलं यासकट. लेख वाचता आला नाही तरी कुणी जाणकार वाटाड्या घेतलात तर ती ओळ बोटाने दाखवायला सांगा.

चोळ काळातली भित्तिचित्रं आतल्या प्रदक्षिणामार्गात आहेत आणि नृत्याच्या १०८ करणांपैकी, म्हणजे ठरावीक नृत्यस्थितींपैकी, कोरून झालेली ८१ वरच्या मजल्यावर. दोन्ही सामान्यांना बंद. 'आत सोडतो' म्हणून पैसे मागणाऱ्याच्या नादी लागू नका. आवारातल्या छोट्या प्रदर्शनात त्यांची छायाचित्रं आहेत.

मंदिर पूर्वाभिमुख आहे. सकाळी समोरून उजेड, संध्याकाळी पश्चिमेकडून. मागच्या बाजूला हिरवळीवर बसायला जागा आहे, ज्येष्ठांना तिथे बसवून तुम्ही फिरा. तिकीट नाही. बाहेर फोटो चालतात, गाभाऱ्यात नाही, तिपाई परवानगीशिवाय नाही.

तारखा पंचांगात बघा. प्रदोषाला, म्हणजे दोन्ही पक्षांतल्या त्रयोदशीला, संध्याकाळी नंदीला अभिषेक असतो. बघण्यासारखा, पण आवार माणसांनी भरून जातं आणि शिलालेख वगैरे निवांत बघणं विसरा. मट्टू पोंगलला नंदीला भाज्या-फळांनी मढवतात, ते मात्र तुमच्या आधी होऊन गेलेलं असेल. आणखी एक, तिरुवैयारूची त्यागराज आराधना, म्हणजे कर्नाटक संगीतातले रचनाकार त्यागराज यांचा स्मरणोत्सव. पुष्य बहुल पंचमी, आपल्या पंचांगात पौष वद्य पंचमी. नेमकी तुमच्या आठवड्यात आली तर तिरुवैयारूला पाय ठेवायला जागा नसते आणि तंजावरची हॉटेलंही भरतात. गाण्याची आवड असेल तर उलट तोच दिवस धरा, पहाटे जा. त्यागराजांच्या पाच रचना, पंचरत्न कृती, सगळे गायक एकत्र बसून गातात.

---

मोडीवेडा

गर्दी नसलेली जागा: मनोरा. तंजावरच्या दक्षिणेला समुद्राजवळ सरफेंद्रराजपट्टिनम इथे. नेपोलियनचा पाडाव झाल्यावर इंग्रजांच्या विजयाची आठवण म्हणून सरफोजींनी उभारलेला बुरूजवजा सहाकोनी मनोरा. त्यावर अनेक भाषांतले लेख आहेत, मराठीही त्यांत. मराठी राजाने नेपोलियनच्या पराभवाबद्दल मराठीत शिला लावावी, हा प्रकार एकदा डोळ्यांनी बघण्यासारखा आहे. वरच्या मजल्यांवर जाऊ देत नाहीत. जाताना ओरत्तनाडूला मुक्तांबाळ छत्र लागतं. तंजावरच्या राजांनी यात्रेकरूंसाठी अन्नछत्रं बांधली, त्यांतलं हे मोठं. लाकडी खांब, चौक, हत्ती-घोडे कोरलेलं जोतं. अवस्था बरी म्हणवत नाही.

पण जाऊन यायला अर्धा दिवस सहज जातो. शुक्रवारी तिरुवैयारू किंवा मनोरा, दोन्ही नाही. तिरुवैयारू फक्त १३ किलोमीटर आहे, ज्येष्ठांना तेच सोपं. वाटेत वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी अशा पाच नद्यांचे पूल लागतात. मोजत जा. त्यागराजांची समाधी कावेरीकाठी आहे, तिथे शांतता असते. अशोका हलवा तिथलाच, मुगाच्या डाळीचा, भरपूर तुपातला. गरम खा. डब्यात भरून पुण्याला नेलात तर तूप थिजून चव उतरते.

सांबार तंजावरात संभाजीराजांच्या नावावरून निघालं ही गोष्ट तुम्हाला निदान तीन जण सांगतील. ऐकून घ्या, सांबार वाढून घ्या.

आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. मोठ्या मंदिरासह तिथल्या ८८ देवळांचं राजवाडा देवस्थान आहे, त्याचं वंशपरंपरागत विश्वस्तपद आजही भोसले घराण्याकडे आहे.

---

पितळी डबा

चौथ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून लिहितेय.

तंजावर चित्र म्हणजे फळी, तिच्यावर चिकटवलेलं कापड, त्यावर खडूची भुकटी आणि डिंक यांचा गुळगुळीत लेप. मग रेखाटन, दागिने-कमानींच्या जागी त्याच लेपाने उठाव, त्यात खडे, वरून सोन्याचा वर्ख, आणि सगळ्यात शेवटी रंग. खालच्या कोणत्याही टप्प्यात घाई झाली की ती वर्ष-दोन वर्षांनी वर येते. लेप ओला असताना वर्ख लावला तर पापुद्रे सुटतात. फळी नीट मुरलेली नसेल तर वाकते आणि उठाव तडकतो.

घेताना हे बघा:
- वर्ख खरा की नकली, आणि कितीचा. २२ कॅरेट सांगत असतील तर ते बिलावर लिहून मागा. 'लिहिता येत नाही' म्हणाले की उत्तर मिळालं. नकली वर्ख सुरुवातीला जास्तच चमकतो, पिवळाजर्द, काही वर्षांत काळवंडतो. खरा थोडा मऊ दिसतो.
- चित्र तिरकं धरून बघा. उठाव सलग हवा, कडेला भेगा नकोत. खडे लेपात बसवलेले हवेत, वरून गोंदाने चिकटवलेले नकोत. नखाने हलकेच चाचपता येतं.
- चेहरा बघा. महागडा वर्ख आणि कच्चा चेहरा असं बरंच मिळतं. डोळ्यांच्या रेषा एका हाताच्या, न थरथरता काढलेल्या असल्या की बाकी काम बहुधा चांगलं असतं.
- पार्श्वभूमी छापील आहे का. एकाच दुकानात हुबेहूब सारखी महिरप चार चित्रांना दिसली तर समजा.

फ्रेमची काच वर्खाला टेकता कामा नये, मध्ये पट्टी हवी. टेकली की दमट हवेत वर्ख काचेला चिकटून निघतो. विमानाने नेणार असाल तर काचेऐवजी ॲक्रिलिक लावून घ्या किंवा विनाफ्रेम न्या आणि पुण्यात फ्रेम करा. हातातल्या सामानात मावेल एवढाच आकार घ्या, चेक-इनमध्ये टाकू नका. खरेदी शुक्रवारी दुपारी ठेवताय ते ठीक, पण दुकान गुरुवारी बघून ठेवा. काच बदलणं, नीट बांधणं याला त्यांना दोनतीन तास लागतात.

वीणेचे कारागीरही आहेत. फणसाचं लाकूड, एकाच ओंडक्यातून कोरलेली असेल तर एकांड वीणा म्हणतात आणि भाव बराच वाढतो. पडदे मेणात बसवलेले असतात, त्यामुळे गाडीच्या डिकीत उन्हात ठेवली तर मेण नरमून पडदे सरकतात. घरात वाजवणारं कुणी नसेल तर कारागिराचं काम बघून या, वीणा आणू नका. मान डोलावणारी बाहुली घ्या, जड बुडाची, कितीही आडवी पाडा, उभी राहते. ही मात्र चेक-इनमध्ये चालते, दोन कपड्यांमध्ये गुंडाळून.

---

ओसरी

पक्कं झालं. मंगळवारी रात्री उशिरा पोचणार असल्याने तंजावरलाच राहतो. बुधवारी सहाला गाडी: गंगैकोंड, दारासुरम, जेवण, स्वामीमलै. गुरुवारी साडेसहाला मोठं मंदिर, दहाला राजवाडा, संध्याकाळी पुन्हा मंदिर आणि जाता जाता चित्रांचं दुकान. शुक्रवारी तिरुवैयारू, दुपारी चित्र ताब्यात घेऊन तिरुची. पंचांग बघितलं, गुरुवारी प्रदोष येतोय.

---

वाटाड्या

मग गुरुवारचं फक्त उलटं करा. शिलालेख, सुब्रह्मण्याचं देऊळ, जोत्यावरचे लेख, सगळं निवांत बघायचं ते सकाळी साडेसहा ते नऊमध्येच संपवा. संध्याकाळी फक्त अभिषेक. साडेचारच्या आत आत शिरा आणि ज्येष्ठांना नंदीच्या मंडपाजवळ न नेता बाजूच्या ओवरीत बसवा. तिथून गर्दी दिसते, धक्के लागत नाहीत. बाहेर पडताना चपलांच्या स्टँडवर रांग असते, टोकन हातात ठेवा.